पेपरसाठी रिव्ह्यूअर कोण सुचवायचे? पुण्यातल्या संशोधकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेपर लिहून होतो, आकृत्या होतात, सगळ्या सहलेखकांचा होकार येतो आणि सबमिशनच्या एका पानावर घोडं अडतं: ‘रिव्ह्यूअर सुचवा’, म्हणजे पेपर छापण्याआधी तो तपासून एडिटरना मत देतील अशा तज्ज्ञांची नावं द्या. पाषाण रोडवरच्या प्रयोगशाळा असोत, गणेशखिंडीतलं विद्यापीठ असो किंवा डेक्कनवरची कॉलेजं, पीएचडी करणारी मुलं या पानाबद्दल सतत विचारतात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा कोर्स आणला, पण माझ्या पाहण्यात त्यात बहुतेक वेळ साहित्यचोरीवर जातो आणि हे पान राहूनच जातं. मी लेखक म्हणून अशा याद्या भरते, सहसंपादक म्हणून इतरांच्या याद्या वाचतेही. दोन्ही बाजूंनी जे दिसतं ते इथे लिहिलं आहे.

एडिटर आपल्यालाच नावं का विचारतात? हे त्यांचं काम नाही का?

काम त्यांचंच आहे. पण रिव्ह्यूअर मिळवणं हा आज जर्नल चालवण्यातला सर्वांत किचकट भाग झाला आहे. विचारलेल्यांपैकी बरेच जण नकार देतात, काही उत्तरच देत नाहीत. शिवाय एडिटरचा अभ्यास तुमच्या विषयाच्या जवळपासचा असतो, नेमका तोच असेल असं नाही. तुमच्या विषयात खोलवर कोण काम करतंय हे तुम्हालाच जास्त माहीत असतं.

तुमची यादी मिळाली की एडिटर त्यातल्या एखाद्याला विचारतात, किंवा त्या नावांवरून पुढे शोध घेऊन त्यांच्याच क्षेत्रातल्या तिसऱ्याच कुणाला गाठतात, किंवा यादी बाजूला ठेवतात. बहुतेक पेपरना दोन किंवा तीन रिव्ह्यूअर असतात आणि ते सगळेच लेखकाने सुचवलेले असावेत असं कुठलाही जबाबदार एडिटर करत नाही.

आपल्या बाजूने लिहितील अशीच नावं द्यायची ना?

नाही. या पानावरचा माझा सगळा आग्रह याच एका गोष्टीसाठी आहे. आपला पेपर नीट वाचू शकेल आणि आपलं काहीही देणं लागत नाही, अशी व्यक्ती शोधायची.

लेखकांनी सुचवलेले रिव्ह्यूअर जरा मवाळ असतात, हे एडिटरांना ठाऊक आहे. 2006 साली ‘जामा’ या वैद्यकीय जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात 10 वैद्यकीय जर्नल्सकडे आलेल्या रिव्ह्यूंची तुलना केली होती. लेखकांनी सुचवलेल्या आणि एडिटरनी निवडलेल्या रिव्ह्यूअरांच्या कामाच्या दर्जात फरक दिसला नाही, पण लेखकांनी सुचवलेल्यांनी पेपर स्वीकारा अशी शिफारस अधिक वेळा केली. त्यामुळे तुमच्या यादीतून आलेला गोड रिव्ह्यू एडिटर थोडा हात राखूनच वाचतात. त्याच यादीतून आलेला, पेपरमधली खरी उणीव दाखवून तरीही ‘हे छापण्यासारखं आहे’ म्हणणारा रिव्ह्यू मात्र वजनदार ठरतो.

नावं शोधायला सुरुवात कुठून करू?

स्वतःच्या पेपरपासून. पेपरचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा कोण तपासू शकेल ते विचारा.

समजा, पेपर मुळा-मुठेच्या पाण्यातल्या, प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर आहे. विठ्ठलवाडी, संगम पूल आणि मुंढवा इथून नमुने घेतलेत, जिवाणू वाढवून औषधांची चाचणी केलीय, काही नमुन्यांचं डीएनए सिक्वेन्सिंग केलंय आणि पावसाळ्याआधीच्या नि नंतरच्या आकड्यांची तुलना केलीय. यात निदान चार वेगळ्या नजरा लागतात. सांडपाणी मिसळलेल्या नदीतून नमुना कसा घ्यायचा हे जाणणारी एक, औषध-प्रतिकाराच्या चाचणीतल्या खाचाखोचा माहीत असलेली दुसरी, सिक्वेन्सिंगच्या माहितीचं विश्लेषण करणारी तिसरी आणि आकडेवारी पाहणारी चौथी. मुलं सहसा दुसऱ्या प्रकारची पाच नावं देतात, कारण पेपरच्या शीर्षकात तो शब्द असतो. मग सिक्वेन्सिंगचा भाग कुणीच नीट बघत नाही, किंवा एडिटर त्यासाठी स्वतः कुणाला तरी शोधतात आणि दोन महिने तिथेच जातात.

म्हणून स्वतःच्या रेफरन्स लिस्टमध्ये ‘पद्धती’ आणि ‘चर्चा’ या दोन भागांत कुणाचे पेपर आलेत ते पाहा. प्रस्तावनेतले रेफरन्स बहुतेक वेळा मोठ्या आढावा लेखांचे असतात, त्यांचा इथे फारसा उपयोग नाही. तुम्ही ज्यांची पद्धत खरोखर वापरलीत, त्यांचा पेपर उघडा. गूगल स्कॉलरवर त्या पेपरखाली ‘हा पेपर कुणी उद्धृत केला’ ती यादी असते. तिथे गेल्या तीन-चार वर्षांतली कामं बघा. तेच काम आत्ता करणारी माणसं तिथे सापडतात. जीववैद्यकशास्त्रातल्यांना ‘जेन’ नावाची मोफत सोयही आहे. आपला गोषवारा तिथे टाकला की पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीतल्या मिळत्याजुळत्या लेखांचे लेखक दिसतात. तिने दिलेली नावं मात्र जशीच्या तशी उचलायची नाहीत, एकेक उघडून पाहायची.

क्षेत्रातलं सर्वांत मोठं नाव दिलं तर एडिटरवर चांगली छाप पडेल का?

पडत नाही. मोठ्या प्राध्यापकांकडे अशा विनंत्यांचा ढीग असतो आणि बहुधा नकारच येतो. माझा अनुभव असा, की पीएचडी होऊन पाच-सात वर्षं झालेले, नुकताच स्वतःचा गट उभा करणारे लोक सर्वांत मन लावून वाचतात. ते पुरवणी माहितीची फाईलही उघडतात. अनुभवी पोस्टडॉकही (पीएचडीनंतर दुसऱ्याच्या गटात संशोधन करणारे) चालतात, फक्त त्यांच्या नावावर त्या विषयातले स्वतःचे पेपर हवेत. पहिल्या लेखकाचं नाव दुर्लक्षून नेहमी शेवटच्याच लेखकाचं नाव सुचवायची सवय सोडा. पद्धत ज्याने हाताने केली, त्याला ती कुठे फसते हे अधिक ठाऊक असतं.

कोणाची नावं अजिबात देऊ नयेत?

सध्याचे सहलेखक, सध्याचे सहकारी आणि आपल्याच संस्थेतले लोक, हे तर उघडच आहे. आपले गाईड आणि आपले विद्यार्थी कायमचे बाद. जुन्या सहलेखकांबाबत जर्नलचा नियम वाचा. कुठे गेल्या तीन वर्षांतले नकोत असतात, कुठे पाच. ज्यांच्याबरोबर चालू प्रकल्प आहे किंवा एकत्र निधी मागितला आहे, तेही नकोत. ज्यांनी पेपरचा कच्चा मसुदा वाचून दिला आणि ज्यांचे तुम्ही शेवटी आभार मानलेत, तेही नकोत. हे शेवटचे फार वेळा यादीत दिसतात. एडिटर आभाराचा परिच्छेद वाचतात.

आपल्याकडचा खरा गुंता गुरुबंधूंचा. गाईडना नावं विचारली की ती भराभर निघतात, आणि त्यातले निम्मे गाईडचे जुने विद्यार्थी किंवा त्यांच्याच गाईडचे विद्यार्थी असतात. तुम्ही त्यांच्याबरोबर कधी पेपर लिहिलेला नसतो, त्यामुळे नियमात बसतंय असं वाटतं. पण एकाच गुरूकडे शिकलेली माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, किंवा एकमेकांशी जुनी खुन्नस काढतात. दोन्ही वाईट. हे तपासायची सोपी जागा म्हणजे शोधगंगा. भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे ठेवलेले असतात आणि गाईडचं नाव सोबत दिसतं. नाव टाका, प्रबंध उघडा, दोन मिनिटांत कळतं.

पुण्यातलाच रिव्ह्यूअर सुचवला तर चालतो का?

संस्था वेगळी असेल तर नियमाने चालतो. पण मी टाळते. पुण्यात एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्था पाषाणला एकमेकांना लागून आहेत, आयुका आणि एनसीआरए ही खगोलशास्त्राची केंद्रं विद्यापीठाच्या आवारात आहेत, आघारकर संस्था फार लांब नाही. माणसं एकमेकांच्या सल्लागार समित्यांवर असतात, उपकरणं वापरायला एकमेकांकडे जातात, मुलं इथून एमएस्सी करून तिथे पीएचडीला लागतात. पत्ता वेगळा असला तरी संबंध जवळचे असू शकतात.

कॉलेजांमध्ये हे आणखी अवघड होतं. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठालाच जोडलेली. संगमनेरच्या कॉलेजातल्या मॅडम आणि तुम्ही वेगळ्या संस्थेत आहात हे खरं, पण अभ्यास मंडळावर त्या आणि तुमचे गाईड एकत्र बसत असतील. सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांमधल्या मुलांनी हेही लक्षात ठेवावं, की पुण्यातली आणि हैदराबादमधली प्रयोगशाळा वेगळी असली तरी मातृसंस्था एक आणि पीएचडीची पदवीही बहुतेकदा तिच्याच एसीएसआयआर या अकादमीची. असं नाव द्यायचंच असेल तर एकच द्या आणि संबंध लिहून टाका.

आमचे पेपर शेकडो लेखकांचे असतात. मग तर सगळं जगच सहलेखक झालं?

खगोलशास्त्रातल्या मुलांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. 2016 मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या शोधाचा जो पेपर आला, त्यावर हजारांहून अधिक नावं होती आणि त्यात पुण्यातलेही संशोधक होते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं वापरणारा, पल्सार ताऱ्यांचा अभ्यास करणारा भारतीय गट युरोपीय गटाबरोबर मिळून पेपर लिहितो. एका यादीत नाव आहे म्हणून दोन माणसांनी एकत्र काम केलंय असं होत नाही, आणि एडिटरनाही ते कळतं. अशा वेळी नाव देताना स्पष्ट लिहा: ‘आमची नावं अमुक मोठ्या गटाच्या पेपरवर एकत्र आहेत, प्रत्यक्ष एकत्र काम केलेलं नाही.’ त्याच गटातल्या, त्याच माहितीसंचावर काम करणाऱ्या माणसाचं नाव मात्र नको.

परिषदेत भेट झाली, चहा घेतला, पोस्टरवर चर्चा झाली. हा संबंध धरायचा का?

नाही. उलट, ज्याने तुमच्या पोस्टरपाशी उभं राहून अवघड प्रश्न विचारले, तो चांगला रिव्ह्यूअर होऊ शकतो. त्यानंतर मेलवर माहितीची देवाणघेवाण सुरू झाली असेल, तर मात्र नाव सोडा.

माझ्या पीएचडी प्रबंधाचे बाहेरचे परीक्षक सुचवू का?

पेपर प्रबंधातल्याच प्रकरणावर असेल तर नको. त्यांनी ते काम एकदा तपासून मान्य केलेलं आहे, आता ते नव्या नजरेने वाचणार नाहीत. संशोधन सल्लागार समितीतल्या सदस्यांचंही तेच. पूर्ण वेगळ्या विषयावरचा पेपर असेल आणि मधे काही वर्षं गेली असतील, तर संबंध नमूद करून देता येईल.

सर म्हणतात, ‘नाव दे, मी फोन करून ठेवतो.’ काय करू?

हा प्रश्न मुलं हळू आवाजात विचारतात. उत्तर असं, की सुचवलेल्या व्यक्तीशी पेपरबद्दल आधी बोलायचं नाही. तुम्हीही नाही आणि सरांनीही नाही. विनंती एडिटरकडून जाते. आधी फोन गेला की त्या व्यक्तीवर भिडेचं ओझं येतं. ती प्रामाणिक असेल तर ‘लेखकांनी माझ्याशी संपर्क केला होता’ असं एडिटरना कळवते आणि तिथे पेपर अडकतो.

सरांना ‘हे चूक आहे’ म्हणायची गरज नाही आणि बहुतेकांना ते जमणारही नाही. एवढं म्हणा: ‘सर, एडिटरना आधी बोलणं झाल्याचं कळलं तर पेपरवर शंका घेतील. मी दोन-तीन वेगळी नावं काढली आहेत, त्यांचे पेपर पाठवते, तुम्ही बघाल का?’ नावांसोबत त्यांचे पेपर समोर ठेवले की बोलणं विषयाकडे वळतं. बहुतेक गाईड त्यातून एखादं नाव खोडतात, एखादं सुचवतात आणि यादी चांगली होते.

संस्थेचा ईमेल हवाच का? अनेक प्राध्यापक जीमेलच वापरतात.

हवाच, आणि त्यामागे मोठी कहाणी आहे. 2012 साली दक्षिण कोरियातल्या एका संशोधकाचं प्रकरण उघड झालं. तो सुचवलेल्या रिव्ह्यूअरांसाठी स्वतःच तयार केलेले ईमेल पत्ते द्यायचा आणि स्वतःच्या पेपरवर स्वतःच, किंवा मित्रांकरवी, रिव्ह्यू लिहायचा. रिव्ह्यू 24 तासांच्या आत येऊ लागले म्हणून एडिटरना संशय आला. 2014 मध्ये कंपनशास्त्रातल्या एका जर्नलने खोट्या रिव्ह्यूअर ओळखींमुळे 60 पेपर मागे घेतले. 2017 मध्ये कर्करोगावरच्या एका जर्नलचे 107 पेपर तशाच कारणाने मागे घेतले गेले. अशा प्रकरणांमुळे काही प्रकाशकांनी लेखकांकडून नावं घेणंच बंद केलं, आणि जे घेतात ते पत्ता तपासतात.

आपल्याकडे अडचण खरी आहे. कितीतरी कॉलेजांच्या वेबसाईटवर प्राध्यापकांचा जीमेलच दिलेला असतो. अशा वेळी त्यांच्या ताज्या पेपरवर पत्रव्यवहारासाठी दिलेला पत्ता घ्या आणि तो पेपर किंवा कॉलेजचं पान यांची लिंक कारणाच्या रकान्यात द्या. प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख ठरवणारा ऑर्किडचा 16 आकडी क्रमांक असेल तर तोही लिहा. ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. कुलकर्णी’ नावाची किती माणसं संशोधन करतात ते पाहिलं, की हा क्रमांक किती कामाचा आहे ते कळतं. संस्था बदललेल्यांचे जुने पत्ते बंद पडलेले असतात, तेवढं पाहून घ्या.

चॅटजीपीटीला विचारून नावं काढली तर?

नाव, संस्था, पत्ता हे सगळं खरं वाटेल असं बनवून देण्याची त्याची खोड आहे. अस्तित्वातच नसलेल्या माणसाचा पत्ता तुमच्या यादीत सापडला, तर वर सांगितलेल्या प्रकरणांनंतर एडिटर काय समजतील याचा विचार करा. शोधाची दिशा विचारायला हरकत नाही, पण प्रत्येक नाव त्या व्यक्तीच्या संस्थेच्या पानावर जाऊन पाहायलाच हवं. अप्रकाशित पेपर तिथे चिकटवू नका, सहलेखकांच्या परवानगीशिवाय तर नाहीच.

‘कारण’ या रकान्यात काय लिहायचं?

‘या क्षेत्रातले तज्ज्ञ’ हे कारण होत नाही. या ओळीने एडिटरचा वेळ वाचायला हवा. वरच्या नदीच्या पेपरसाठी असं लिहिता येईल:

‘सांडपाणी मिसळणाऱ्या नद्यांमधल्या प्रतिकार-जनुकांच्या सिक्वेन्सिंगवर यांचे अलीकडचे पेपर आहेत. आम्ही विभाग 2.4 मध्ये यांचीच विश्लेषण पद्धत थोडी बदलून वापरली आहे, तो बदल योग्य आहे का हे त्या तपासू शकतील. कोणत्याही लेखकाचा यांच्याशी संबंध नाही.’

तीन वाक्यं पुरतात. कारणाचा रकाना नसेल तर हेच कव्हर लेटरमध्ये लिहा. मात्र नाव सुचवायचं म्हणून त्या व्यक्तीचे चार पेपर रेफरन्स लिस्टमध्ये घुसडू नका.

काही जणांना रिव्ह्यूअर नेमू नका, असं सांगता येतं का?

बहुतेक जर्नल्समध्ये सांगता येतं. एक किंवा दोन नावं, आणि प्रत्येकासाठी एक शांत वाक्य: ‘याच प्रश्नावर त्यांचा गट सध्या काम करत आहे’ किंवा ‘आमच्या गटाशी त्यांचा वाद झालेला आहे’. तक्रारींचा पाढा नको. सहा-सात नावं दिली तर क्षेत्रात उरलं कोण, असा प्रश्न एडिटरना पडतो. विनंती मानायची की नाही हे शेवटी तेच ठरवतात.

आमचा निष्कर्ष ज्यांच्या विरोधात जातो, त्यांचं नाव द्यायचं की टाळायचं?

हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो आणि याला एकच उत्तर नाही. तुम्ही कुणाचा निष्कर्ष थेट खोडत असाल, तर एडिटर त्यांना विचारण्याची शक्यता तशीही असते, निदान त्यांचं म्हणणं समजून घेण्यासाठी. त्यांचं आजवरचं लेखन वाचा. मतभेद मांडताना ते पुराव्यावर बोलतात का? आधी कुणी खोडलं तेव्हा त्यांनी काय उत्तर दिलं? ते पुराव्यावर बोलणारे असतील तर नाव जरूर द्या आणि ‘यांच्या अमुक पेपरच्या निष्कर्षाशी आमचा मतभेद आहे’ असं लिहा. तेवढ्याने एडिटरचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो. ते रागाने लिहिणारे असतील तर सुचवू नका, वाटलं तर वगळण्याच्या यादीत कारणासह घाला. पण नाव दिलंत की न दिलंत, त्यांचं म्हणणं पेपरमध्ये त्यांनाही मान्य होईल इतक्या न्यायाने मांडलेलं असलंच पाहिजे.

परदेशी जर्नलला भारतीय नावं दिली तर कमीपणा येतो का?

ही समजूत मोडायला हवी. दख्खनच्या बेसाल्टवर किंवा सह्याद्रीच्या सड्यांवरच्या वनस्पतींवर पेपर असेल, तर तो प्रदेश पायाखालून घातलेला माणूस इथेच मिळणार. सगळी नावं भारतीय असली तरी चालेल, ती एकाच वर्तुळातली नसली म्हणजे झालं. मी साधारण एक-दोन भारतातले आणि बाकी दोन वेगळ्या देशांतले, असं करते. यादीत एकही बाई नसेल तर पुन्हा एकदा शोधा. बहुतेक वेळा नाव सापडतं, आपल्या डोक्यात आधी आलेलं नसतं इतकंच.

इतिहास, भाषा, समाजशास्त्र यांत हे लागू आहे का?

काही जर्नल्स विचारतात, बरीच विचारत नाहीत. तिथे दोन्हीकडची नावं झाकलेली असतात, म्हणून रिव्ह्यूअरांची यादी मूळ लेखाच्या फाईलमध्ये कधीच टाकू नका. त्या यादीवरूनही लेखक ओळखता येतो. खरी अडचण माणसं कमी असण्याची आहे. पुराभिलेखागारातल्या मोडी कागदांवर लेख असेल, तर मोडी वाचणारे आणि त्या काळाच्या महसूल व्यवस्थेचा अभ्यास असणारे मोजकेच, आणि ते एकमेकांना चांगले ओळखतात. तिथे मोडीसाठी एक नाव आणि दुसऱ्या प्रांतातल्या महसुलाचा अभ्यास करणाराचं एक, असं वेगळं करा.

पेपर रिजेक्ट झाला. पुढच्या जर्नलला तीच यादी देऊ का?

आधी पेपर बदलला का ते पाहा. रिव्ह्यू वाचून नवा भाग जोडला असेल तर तो तपासणारं नाव लागेल. कडक रिव्ह्यू अमुकच माणसाने लिहिला असणार, असा अंदाज बांधून त्याला वगळण्याच्या यादीत टाकू नका. हे अंदाज फार वेळा चुकतात. बाकी नावं तीच राहू शकतात, फक्त पत्ते आणि संस्था पुन्हा तपासा, नव्या जर्नलचा सहलेखकांबाबतचा नियम वाचा आणि मधल्या काळात त्यांच्यापैकी कुणी तुमच्या गाईडबरोबर पेपर लिहिला नाही ना, ते बघा.